साडेबावीस हजार पीपीएम म्हंजे किती? एमडीएस एन्ट्रन्सची रिव्हिजन, द्राक्षबागेच्या भाषेत

मागच्या रविवारी भाची पिंपळगावला आली होती, आजोळी. बीडीएसची चार वर्षं झाली, आता इंटर्नशिप चालूये, सोबत नीट एमडीएसची तयारी, म्हंजे दिवसा ओपीडी आणि रात्री कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत डोळे ताणत बसायचं. जेवण झाल्यावर पडवीत वही उघडून बसली आणि पुटपुटत होती, बावीस हजार सहाशे, बावीस हजार सहाशे. वहीत तोच आकडा तीनदा गोल करून ठेवलेला. आमचे अप्पा, म्हंजे तिचे आजोबा, चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस, शाळा सातवीपर्यंत. ते म्हणाले, "पोरी, हे २२,६०० कशाचं?" ती म्हणाली, "अप्पा, पीपीएम. दाताला लावायचं फ्लोराइडचं औषध असतं, त्याचं." अप्पा एकदम ताठ बसले. "बावीस हजार? आम्ही द्राक्षावर जीए संजीवक दहा पीपीएमनं मारतो आणि तरी हात थरथरतो. बाग जळून जाईल की!"

मी दातांचा डॉक्टर, नाशकात क्लिनिक आहे, एमडीएस करून बरीच वर्षं झाली. पण त्या क्षणी मला असं दिसलं की त्या आकड्याचा अर्थ अप्पांना कळला होता, आणि पाठ भाचीचा होता. परीक्षेच्या रिव्हिजनची सगळी गोम इथंच आहे असं माझं मत आहे. म्हणून हा लेख, परीक्षा देणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या घरात असं कुणी पुटपुटत फिरतंय त्यांच्यासाठी पण.

आधी ही परीक्षा आहे तरी काय

नीट एमडीएस म्हंजे दातांच्या डॉक्टरला पुढं तीन वर्षांचं स्पेशलायझेशन करायचं असेल तर, एम्ससारख्या काही संस्था सोडल्या तर, देशभर द्यावी लागणारी एन्ट्रन्स. कॉम्प्युटरवर असते, २४० प्रश्न, ३ तास, बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ वजा, एकूण ९६०. भागाकार करून बघा, एका प्रश्नाला ४५ सेकंद. पेपरचे दोन भाग, १०० प्रश्न बहुतेक बेसिक विषयांचे आणि १४० क्लिनिकल विषयांचे.

नाशिकमध्ये एक खास गैरसमज आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथंच, म्हसरूळला, १९९८ पासून. त्यामुळे प्रत्येक लग्नात कुणीतरी काका विचारतोच की अगं विद्यापीठ तर आपल्याच गावात आहे, तिथं कुणी ओळखीचं नाही का? काका, विद्यापीठ कोर्स चालवतं, त्याच्या परीक्षा घेतं, डिग्री देतं. एन्ट्रन्स दिल्लीचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं. सरकारी कॉलेजच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून दिल्लीची समिती भरते, राज्याच्या जागा मुंबईच्या सीईटी सेलकडून. म्हसरूळला चहा मिळेल, सीट नाही.

दुसरा गोंधळ पर्सेंटाइलचा. ५० पर्सेंटाइल पाहिजे म्हंजे ९६० पैकी ४८० पाहिजेत असं निम्म्या पालकांना वाटतं. तसं नाहीये. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला रांगेत उभे आहात असं समजा. तुमच्या मागं किती टक्के लोक आहेत ते म्हंजे पर्सेंटाइल. रांगेतले निम्मे लोक मागं असले की तुम्ही ५० पर्सेंटाइलला. ओपनला पात्रतेची रेघ ५० ची, एससी, एसटी, ओबीसीला ४० ची. पेपर अवघड गेला तर सगळ्यांनाच गेला, रांग तशीच राहते, मार्कांचा आकडा फक्त खाली येतो. आणि पात्र होणं म्हंजे मंदिराच्या आवारात शिरणं, गाभारा अजून लांब. ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं) किंवा कन्झर्व्हेटिव्हची (दात भरणं, रूट कॅनाल) सरकारी सीट पाहिजे असेल तर रांगेत पार पुढं लागतं.

अप्पांचं पीपीएम

आता मूळ मुद्दा. पीपीएम म्हंजे दहा लाख भागांत एक भाग. पाण्याच्या बाबतीत १ लिटरमध्ये १ मिलिग्रॅम. अप्पांच्या हिशोबात २०० लिटर पाण्याला २ ग्रॅम टाकलं की १० पीपीएम झालं. आणि १ टक्का म्हंजे १०,००० पीपीएम. एवढ्या एका वाक्यावर फ्लोराइडचे निम्मे प्रश्न सुटतात, फक्त एक गोष्ट अजून पाहिजे.

ती अशी की बाटलीवर लिहिलेला टक्का कधी सोडियम फ्लोराइडचा असतो तर कधी नुसत्या फ्लोराइडचा. सोडियम फ्लोराइडमध्ये सोडियमचं वजन २३ आणि फ्लोरिनचं १९, मिळून ४२. म्हंजे पोत्यातला माल १९ भागिले ४२, साधारण ४५ टक्के. युरियाच्या गोणीत नत्र ४६ टक्के असतं ना, बाकी गोणी नुसती भरलेली, तसंच. आता करा. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश, म्हंजे ५०,००० पीपीएम मीठ, गुणिले ०.४५२, आले २२,६००. २ टक्क्याचं सोल्यूशन, २०,००० गुणिले ०.४५२, साधारण ९,०५०. ८ टक्के स्टॅनस फ्लोराइडमध्ये कथील जड असल्यामुळे फ्लोराइडचा वाटा जेमतेम २४ टक्के, म्हणून १९,५०० च्या आसपास. आणि एपीएफ जेल, म्हंजे आम्ल मिसळलेलं फ्लोराइडचं जेल, १.२३ टक्के, तो मात्र आधीच फ्लोराइडचा टक्का आहे, म्हणून तिथं ०.४५ नं गुणायचं नाही, थेट १२,३००. पेपर काढणारा माणूस इथंच दबा धरून बसलेला असतो.

अप्पांचा प्रश्न राहिलाच, बाग जळून का जात नाही? २०० लिटरची टाकी व्हार्निशच्या ताकदीची करायची तर नुसतं फ्लोराइडच साडेचार किलो लागेल, ऐकून अप्पा हसायलाच लागले. पण मुलाच्या तोंडात व्हार्निश लावतो अर्धा मिली, म्हंजे फ्लोराइड सगळं मिळून ११ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ते दाताला चिकटून बसतं. धोक्याची घंटा वाजते ती वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमला, तिला "संभाव्य विषारी मात्रा" म्हणतात, या डोसच्या पुढं मुलाला दवाखान्यात न्यायचं. २० किलोच्या पोराला १०० मिलिग्रॅम. आता जेल घ्या, ट्रेमध्ये ५ मिली भरलं तर ६१ मिलिग्रॅम. १२ किलोच्या लेकराची रेघ ६० ला! त्यानं गिळलं तर संपलं. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांना जेल नाही, व्हार्निश. हे कुठल्याही गाईडमध्ये एका ओळीत "सहा वर्षांखाली व्हार्निश" असं लिहिलेलं असतं आणि पोरं ते पाठ करतात, पण गणित केलं की पाठ करायची गरजच राहत नाही, आणि उलटा फिरवून विचारला तरी येतो.

घरची टूथपेस्ट १,००० पीपीएमची, म्हंजे ग्रॅमला १ मिलिग्रॅम. १० किलोच्या बाळानं ५० ग्रॅमची ट्यूब साफ केली तर रेघेवर. पाण्यातलं योग्य प्रमाण पुस्तकांत ०.७ ते १.२ पीपीएम दिलेलं असतं (अमेरिकेत २०१५ पासून सरसकट ०.७). उकाडा जास्त तिथं माणूस पाणी जास्त पितो म्हणून तिथं खालचा आकडा, हे आमच्या बाजूला वेगळं समजावून सांगायला नको. एवढ्यात इतिहासाचे दोन मार्क पण उचलून घ्या. मॅके नावाच्या डॉक्टरला १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला लोकांचे डागाळलेले दात दिसले, १९३१ मध्ये चर्चिल नावाच्या केमिस्टनं पाण्यात फ्लोराइड शोधलं, डीननं त्या डागांच्या मोजमापाचा निर्देशांक दिला, आणि जानेवारी १९४५ ला ग्रँड रॅपिड्स हे पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालणारं पहिलं शहर. एकाच गोष्टीचे चार प्रसंग आहेत, सुट्टे चार आकडे नाहीत.

दुतोंड्या मारुती आणि साडेपाचची रेघ

गोदेला पूर आला की नाशिककर मीटर विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, गळ्याला लागलं का, एवढंच विचारतो. दाताला पण अशी एक रेघ आहे, क्रिटिकल पीएच, ५.५. तोंडातलं आम्ल वाढून पीएच त्याच्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं.

गोड खाल्लं की काही मिनिटांत पीएच धाडकन खाली येतो आणि अर्ध्या-एक तासात लाळ त्याला परत वर आणते, या आलेखाला स्टिफन कर्व्ह म्हणतात. म्हंजे गंगापूर धरणातून पाणी सोडलं, पूर चढला, ओसरला. आता कुणी दर तासाला पाणी सोडत बसलं तर मारुती कोरडा होणारच नाही. म्हणून दिवाळीत एकदा बसून पाच करंज्या खाणारा तितका धोक्यात नसतो, दिवसभर गोड चहा आणि बिस्किट टोचणारा जास्त असतो. किती वेळा खाल्लं याला किती खाल्लं यापेक्षा जास्त महत्त्व, हा प्रश्न कम्युनिटी (समाजाचं दंतआरोग्य), पेडो (लहान मुलांचे दात), कन्झर्व्हेटिव्ह तिन्ही विषयांकडून येतो.

फ्लोराइड मिसळलेलं खनिज, फ्लोरअॅपेटाइट, ४.५ पर्यंत टिकतं, म्हंजे मारुतीचा चौथरा उंच केला. उलट मुळावरच्या डेन्टिनची रेघ ६.२ ते ६.७, म्हंजे चौथराच नाही, थोडं पाणी चढलं की भिजला. म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्या खाली सरकून मूळ उघडं पडतं तिथं कीड का लागते, कॅन्सरच्या रेडिएशननंतर लाळ आटली की धडाधड कीड का लागते, दोन्ही इथूनच निघतं. बघा, आकडे तीनच होते.

सिरिंजमधलं गणित

हे मला सगळ्यात आवडतं आणि पोरं सगळ्यात जास्त घाबरतात. (हे परीक्षेसाठी लिहितोय हं, कुणी हे वाचून स्वतःवर प्रयोग करू नका.)

भुलीचं औषध लिग्नोकेन २ टक्के, म्हंजे १०० मिलीत २ ग्रॅम, १ मिलीत २० मिलिग्रॅम. परीक्षेतली मर्यादा, अॅड्रिनलिनसोबत असेल तर किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ५००, नुसतं असेल तर ४.४ आणि जास्तीत जास्त ३००. अॅड्रिनलिन रक्तवाहिन्या आवळून धरतं, औषध हळूहळू रक्तात जातं, म्हणून जास्त चालतं. ठिबकनं दिलेलं आणि पाटानं सोडलेलं पाणी यात जो फरक तोच. ५० किलोच्या माणसाला सोबत असताना ३५० मिलिग्रॅम, म्हंजे साडेसतरा मिली. नुसतं असताना २२०, म्हंजे ११ मिली.

पण थांबा, अॅड्रिनलिनची स्वतःची पण मर्यादा आहे. धडधाकट माणसाला एका वेळी ०.२ मिलिग्रॅम, हृदयाच्या पेशंटला ०.०४. आणि १:८०,००० म्हंजे ८०,००० मिलीत १ ग्रॅम, म्हंजे १ मिलीत ०.०१२५ मिलिग्रॅम. धडधाकट माणसाला १६ मिलीला अॅड्रिनलिनची हद्द संपते, लिग्नोकेनची साडेसतराला संपणार होती! म्हंजे इथं आधी अॅड्रिनलिन अडवतं. तेच १:२,००,००० घेतलं तर मिलीला ०.००५, हद्द ४० मिली, मग आधी लिग्नोकेन अडवतं. हृदयाच्या पेशंटला १:८०,००० चं ३.२ मिली, १:१,००,००० चं ४ मिली आणि १:२,००,००० चं ८ मिली. गाईडमध्ये हे तक्ता करून देतात आणि पोरं तक्ता पाठ करतात. तक्ता आठवड्यात उडतो. एक भागाकार आयुष्यभर राहतो, आणि ४५ सेकंदांत होतो, मी घड्याळ लावून बघितलंय.

द्वारका सर्कल

अॅनाटॉमीचं नाव काढलं की भाची तोंड वाकडं करते. मी तिला म्हणालो, चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नर्व्हची गाठ, ट्रायजेमिनल गँगलिऑन, म्हंजे आपला नाशकातला द्वारका चौक. तिथून तीन रस्ते फुटतात, प्रत्येक कवटीच्या वेगळ्या भोकातून. पहिला डोळ्याकडं, सुपिरिअर ऑर्बिटल फिशरमधून. दुसरा वरच्या जबड्याकडं, फोरामेन रोटंडममधून. तिसरा खालच्या जबड्याकडं, फोरामेन ओव्हेलमधून. पहिल्या दोन रस्त्यांवर फक्त संवेदना जाते, तिसऱ्यावर संवेदना पण आणि स्नायू हलवायचे हुकूम पण, म्हंजे कार आणि ट्रक दोन्ही, म्हणून तोच सगळ्यात मोठा. शेजारचं स्पायनोसम हे मेंदूच्या आवरणाच्या धमनीचं भोक, नर्व्हचा मुख्य रस्ता नाही, पण नेहमी पर्यायात टाकलेलं असतं.

तिसऱ्या रस्त्यावर एक मजा आहे. लिंग्वल नर्व्ह जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांशाला स्पर्श, वेदना पुरवते, पण चव तिची नाही. चव कॉर्डा टिम्पनीची, जी मुळात फेशियल नर्व्हच्या घरची, वाटेत लिंग्वलकडं लिफ्ट मागून बसते आणि सोबत जबड्याखालच्या लाळग्रंथीचे हुकूम पण घेऊन येते. एवढं डोक्यात असलं की लिंग्वल नर्व्ह कुठं कापली तर फक्त बधिरपणा आणि कुठं कापली तर चव पण जाते, हे सांगता येतं. बसल्यानंतर कापली तर दोघं गेले, बसायच्या आधी कापली तर लिफ्ट मागणारा वाचला. जिभेचा मागचा एक तृतीयांश ग्लॉसोफॅरिंजियलचा, चव आणि स्पर्श दोन्ही, तिथं भानगड नाही.

टपरीवरचा धडा

ओरल पॅथॉलॉजीतला एक विषय असा आहे की त्यासाठी पुस्तकापेक्षा कॉलेजच्या गेटबाहेर उभं राहणं बरं. ओरल सबम्युकस फायब्रोसिस. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आहे, मावा आहे, आणि माझ्याकडं विशी-पंचविशीची पोरं येतात ज्यांच्या तोंडात माझी दोन बोटं जात नाहीत. पहिली तक्रार ठरलेली असते, डॉक्टर मिसळ झोंबते. झणझणीत खाणाऱ्या नाशिककराला मिसळ झोंबायला लागली तर मी पहिल्यांदा गाल ओढून बघतो, पांढुरका पडलाय का, आत दोऱ्यांसारखे पट्टे लागतात का.

का होतं? सुपारीतलं अॅरेकोलिन पेशींना जास्त कोलॅजेन बनवायला लावतं. आणि सुपारीत तांबं असतं. लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम तांब्यावर चालतं, त्याचं काम कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांत बांधणं. येवल्याच्या मागावर उभे आडवे धागे नुसते विणलेले असतात, ते उसवता येतात, पण प्रत्येक ठिकाणी गाठ मारून डिंक लावला तर? उसवणारं एन्झाइम आहे शरीरात, कोलॅजिनेज, पण त्याला गाठी सुटत नाहीत. म्हणून सुपारी सोडली तरी आधी घट्ट झालेलं तोंड सहजासहजी मोकळं होत नाही.

प्रश्न काय येतात? मुख्य अल्कलॉइड कोणतं, अॅरेकोलिन. कुठल्या धातूचा संबंध, तांबं. कुठलं एन्झाइम वाढतं, लायसिल ऑक्सिडेज. श्वार्ट्झनं १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये वर्णन केलं आणि १९५३ मध्ये मुंबईच्या जोशींनी सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. भारतात १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासात ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला, तो आकडा पण विचारतात. माझ्या क्लिनिकमध्ये मात्र तो आकडा टक्क्यात दिसत नाही, एखादा रिक्षावाला म्हणून दिसतो.

"मामा, म्हंजे पाठांतर काहीच नाही का?"

आहे ना, खोटं कशाला सांगू. माणसांची नावं आणि वर्षं यांना कारण नसतं. पण तिथं पण थोडी चलाखी करता येते. जिंजायवल इंडेक्स लो आणि सिलनेसचा, १९६३. प्लाक इंडेक्स सिलनेस आणि लो यांचा, १९६४. तीच दोन माणसं, नावं उलटी, वर्ष पुढचं, आणि दरवर्षी पोरं इथं घसरतात. इंग्रजी बाराखडी आठवा, जी आधी पी नंतर, एल आधी एस नंतर, ६३ आधी ६४ नंतर. आधीचं आधीच्याशी, नंतरचं नंतरच्याशी. झालं.

दातांचे साचे ओतायच्या प्लास्टर, स्टोन, डाय स्टोनला १०० ग्रॅममागे पाणी ४५ ते ५०, २८ ते ३०, २२ ते २४ मिली, हे पाठ करायच्या ऐवजी त्यांचे कण कसे आहेत ते बघा. रसायन तिन्हीत एकच, प्लास्टरचे कण वेडेवाकडे आणि सच्छिद्र म्हणून पाणी जास्त, ते पाणी उडाल्यावर पोकळ्या राहतात म्हणून ते कच्चं. पाण्याचा आकडा वर, ताकद खाली. अमलगममध्ये, म्हंजे दात भरायच्या चांदीसारख्या मसाल्यात, जस्त असेल आणि भरताना ओल लागली तर हायड्रोजन वायू तयार होतो आणि तीन ते पाच दिवसांनी फिलिंग फुगतं, कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं. गॅमा-टू हा त्यातला सगळ्यात दुबळा फेज, तांबं वाढवलं की तो जातो. काही दात पडलेल्या जबड्यांचे केनेडीचे वर्ग १९२५ चे आणि क्रम जास्त आढळणाऱ्यापासून लावलेला, म्हणून पहिला वर्ग दोन्हीकडं मागचे दात नसलेला. पुढं जाऊ.

"सिनिअर म्हणतात मागचे पेपर सोडवले की झालं"

मागचे पेपर सोडवाच, पण त्यातली उत्तरं तपासून. दातांचं शास्त्र पण कूस बदलतं. ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट या जबड्यातल्या गाठीचंच बघा. आधी सिस्ट होती, २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला ट्यूमरच्या यादीत टाकलं, २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणलं. पक्ष बदलून परत स्वगृही आलेल्या आमदारासारखं. तुमच्या हातातलं फोटोकॉपी गाईड मधल्या काळातलं असेल तर तुम्ही आत्मविश्वासानं चुकणार.

तसंच हिरड्यांच्या रोगाचं, क्रॉनिक आणि अॅग्रेसिव्ह ही १९९९ ची विभागणी गेली, २०१७ पासून स्टेज एक ते चार आणि ग्रेड ए ते सी. बायोलॉजिक विड्थचं (हिरडी दाताला चिकटते त्या पट्ट्याचं) नाव बदललं, पण मोजमाप तेच, ०.९७ अधिक १.०७, एकूण २.०४ मिलिमीटर. हृदयाच्या ठराविक, जास्त धोक्याच्या पेशंटला (कृत्रिम झडप वगैरे) दात काढण्याआधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, हे कायम आहे, पण पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिन हे जुनं उत्तर २०२१ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांनंतर गेलं. आता सेफॅलेक्सिन २ ग्रॅम किंवा अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पण आता नुसती गाठीची लांबी चालत नाही, खोली पण बघतात, २ सेंटिमीटरपर्यंत आणि ५ मिलिमीटरपर्यंत खोल असेल तरच टी-वन, म्हंजे सगळ्यात लहान गाठीची पायरी. कारण सरळ आहे, जमिनीवर छोटं दिसणारं झुडूप मुळानं किती खोल गेलंय ते शेतकऱ्याला विचारा.

"इंटर्नशिपमध्ये वेळ कुठंय?"

हा आक्षेप खरा आहे, मी स्वतः केलाय. पण इंटर्नशिप हीच फुकटची रिव्हिजन आहे हे मला फार उशिरा कळलं. सिरिंज भरताना बाटलीवरचा आकडा वाचायचा आणि पेशंटचं वजन अंदाजे धरून मनात हिशोब करायचा, झाला एक प्रश्न. अल्जिनेट (दातांचं माप घ्यायचा मसाला) तोंडातून काढून ठेवलं आणि फोन बघत बसलो की ते आकसतं, पाण्यात ठेवलं की फुगतं, झाले दोन प्रश्न.

आणि वाचलेलं परत परत वाचू नका. वही बंद करून आठवा. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच सगळ्यात जास्त गळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं, असं अंतर वाढवत आठवायचं. पिवळ्या मार्करनं पान रंगवणं हा अभ्यास नाही हो, ती रांगोळी झाली.

"येत नसेल तर सोडून देऊ का?"

निगेटिव्ह मार्किंगची भीती घरोघरी आहे, म्हणून हा हिशोब मांडतो. चार पर्याय, काहीच माहीत नाही, डोळे मिटून टिक केलं. चार वेळात एकदा बरोबर, ४ मार्क, तीनदा चूक, वजा ३. हातात १ उरला, म्हंजे प्रश्नामागे पाव मार्क. तोटा नाही, पण नशिबावर आहे, ओळीनं दहा चुकू पण शकतात. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर सरासरी पाऊण मार्काला थोडी कमी. दोन कापता आले तर दीड मार्क. म्हंजे अर्धवट माहितीला पण भाव आहे, लासलगावला जोड कांदा पण विकला जातोच, भाव कमी मिळतो एवढंच. आणि कारण माहीत असलेल्याला नेमके दोन पर्याय कापता येतात, एपीएफ जेलसमोर ५,५३५ दिसलं की कुणीतरी उगाच ०.४५ नं गुणलंय हे ओळखू येतं.

भाचीनं मागच्या मॉक टेस्टमध्ये तीस प्रश्न कोरे सोडले होते. मी म्हणालो, काढ बरं पेपर. तिसातल्या अठरा प्रश्नांत तिनं माझ्यासमोर दोन दोन पर्याय कापून दाखवले, म्हंजे हिशोबानं सत्तावीस मार्क टेबलावर ठेवून आली होती बाई. त्यातला एक तर १:८०,००० चाच होता. तो तिनं पडवीत उभ्या उभ्या सोडवला, अप्पा शेजारी बसून किलो आणि ग्रॅमचा हिशोब तपासत होते, त्यांचा तिच्याआधी झाला.